‘लिंगबदल केला की घर मोडतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज जोरात फिरतोय. आधी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या. ट्रान्झिशन केलं, म्हणजे जन्माच्या नोंदीपेक्षा वेगळ्या, स्वतःला जाणवणाऱ्या लिंगाने राहायला लागलं, की संसार मोडतोच, लग्न कायद्यानेच आपोआप रद्द होतं, आईवडिलांचं मूल कायमचं जातं, हे खूळ मोबाइल आणि कॉलेजच्या संगतीमुळे अचानक डोक्यात शिरतं आणि शेवटी पश्चात्ताप होतो, म्हणून घरच्यांनी वेळीच आवरावं, असं त्यात आहे. माझा धाकटा भाऊ ट्रान्समॅन आहे, जन्मदाखल्यावर त्याची नोंद मुलगी म्हणून झालेली, त्यामुळे यातलं बरंचसं मी आमच्या पुण्यातल्या धायरीच्या घरात बघितलंय आणि आता गप्प बसवत नाही.

लग्न रद्द होण्याचं आधी घेते कारण ते सरळ चूक आहे. हिंदू विवाह कायद्यात असं आपोआप काही होत नाही, वेगळं व्हायचं असेल तर शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टातच जावं लागतं, बाकी सगळ्यांना जावं लागतं तसंच. उलट २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’मध्ये ट्रान्सवुमनही, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली स्त्रीही, येते, आणि २०२३ च्या समलिंगी विवाहाच्या निकालात सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की ट्रान्स व्यक्तीला भिन्नलिंगी जोडीदाराशी आत्ताच्या कायद्यांखाली लग्न करता येतं.

आता ‘संसार मोडतोच’. काही संसार मोडतात, हे मी नाकारणार नाही. पुरुष समजून ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस दहा वर्षांनी म्हणतो मी बाई आहे, तेव्हा त्या बायकोला धक्का बसतो, तिला फसवल्यासारखं वाटतं, तिचं आकर्षण पुरुषांबद्दलच असेल तर तिने वेगळं होणं यात तिचा काहीही दोष नाही, तिला कुणी नावं ठेवू नयेत. पण ते लग्न लावलं कुणी ते पण विचारा ना. मुलगा बायकी वागतो, लग्न झालं की येईल ताळ्यावर, असं म्हणत स्थळं बघणारे, पत्रिका जुळवणारे, कांदेपोह्यांना हजर असणारे आपणच असतो, त्याने धीर करून सांगायचा प्रयत्न केला तरी लोक काय म्हणतील म्हणून त्याला गप्प करणारेही आपणच. मग दोघांची वर्षं वाया जातात आणि खापर फुटतं ट्रान्झिशनवर. मला याचा खरंच राग येतो, कारण तेच नातेवाईक हा मेसेज पुढे पाठवतायत. आणि सगळे मोडतात असंही नाही, काही जोडपी काउन्सेलरकडे जातात, भांडतात, रडतात आणि एकत्र राहतात.

‘आईवडिलांचं मूल जातं’ हे वाचून सगळ्यात जास्त लागलं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू झालं की काही महिन्यांत आवाज फुटायला लागतो, पाळी बंद होते, दाढीला जास्त वेळ लागतो, पूर्ण यायला चार-पाच वर्षंही जातात. आवाज बदलला तेव्हा आईला फार जड गेलं, फोनवर तिने दोनदा ‘कोण बोलतंय?’ विचारलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडली, ते दुःख खरंच होतं. बाबा तर त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. मग एक दिवस त्याच्या हनुवटीवर रेझरने कापलेलं बघून पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, अरे उलटा नको फिरवू, आधी गरम पाण्याने भिजव, आण इकडे. आरशासमोर उभं करून गालाची कातडी कशी ताणायची ते दाखवलं. त्यांनी ‘अरे’ म्हटलेलं आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, कुणी काही बोललं नाही. यात मूल कुठे गेलं सांगा मला.

मूल जातं ते घराबाहेर काढल्यावर. ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत पुण्याच्याच, तरुणपणी घर सोडून मुंबईला गेल्या, आणि पुढे त्यांनीच एका अनाथ मुलीला आई होऊन वाढवलं. नातं निभवायची ताकद ट्रान्स माणसात नसते असं कुणी म्हणूच नये. अमेरिकेत २०१५ मध्ये २७,७१५ ट्रान्स व्यक्तींचा सर्व्हे झाला, त्यात घरच्यांना सांगितलेल्यांपैकी ६० टक्के म्हणाले घरचे पाठीशी आहेत, विरोधात १८ टक्के. ती अमेरिका आहे, पुणे नाही, मान्य, पण ‘कायमचं’ हा शब्द तिथेही टिकत नाही.

अचानक वगैरे काही नसतं हो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं, एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या, दर दोन-तीन आठवड्यांनी इंजेक्शन, हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर वाढत नाही ना ते बघणं, एवढं सगळं कोण फॅशन म्हणून करेल? आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात ट्रान्स असण्याला मानसिक विकारांच्या यादीतून काढलंय, २०२२ पासून ते लागू आहे.

राहिला पश्चात्ताप. काही जण मागे फिरतात, म्हणजे पुन्हा जन्माच्या लिंगाने राहायला लागतात, हे खरंय. त्याच २०१५ च्या सर्व्हेवर २०२१ मध्ये एक अभ्यास आला, ट्रान्झिशनच्या वाटेवर असलेल्या १७,१५१ जणांपैकी १३.१ टक्के लोक कधी ना कधी मागे फिरले होते, आणि त्यांच्यातल्या ८२.५ टक्क्यांनी निदान एक तरी कारण बाहेरचं सांगितलं, घरच्यांचा दबाव, लोकांचं बोलणं, अशी. म्हणजे मेसेज ज्याला ‘वेळीच आवरणं’ म्हणतो तेच त्यांना मागे ओढत होतं. आणि आवरणं म्हणजे घराबाहेर काढणं असेल तर २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम १२ वाचा, त्यात आईवडिलांच्या घरात राहायचा हक्क दिलाय.

नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये माझा भाऊही आहे, त्याने तो मेसेज वाचलाय, आणि खाली कुणी कुणी हात जोडले तेही बघितलंय. मामा, मावशी, तुम्हाला काही विचारायचं असेल तर त्यालाच फोन करा, संध्याकाळी सातनंतर तो मोकळा असतो.