खुलासा : सड्यावरची खाण आणि झाडांचा आकडा

साताऱ्याकडच्या काही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘सड्यावरची खाण बंद करताना खड्डे बुजवून झाडं लावली, की कायद्याने जमीन पूर्ववत झाली.’ हे खरं नाही. (सडा म्हणजे जांभ्या खडकाचं सपाट पठार.)

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं, की खाणपट्ट्यात, म्हणजे खाणीसाठी जमीन देण्याच्या करारात, गवत पुन्हा उगवण्याची अट घाला. उत्खननानंतर जमीन चारा, वनस्पती आणि प्राण्यांना पोसण्याजोगी व्हायला हवी. रोपांचा आकडा दाखवून हे भागत नाही.

मुळात जांभ्याचा सडा म्हणजे उजाड माळ नव्हे. पावसाळ्यात कासला जाऊन पाहा. कातळावर जेमतेम बोटभर माती, डबक्यांत वायतुरा, भोवती गेंद आणि सीतेची आसवं, ही सगळी सड्यावरची फुलं. मातीत नत्र (नायट्रोजन) इतकं कमी, की सीतेची आसवं बारीक जीव पकडून ते मिळवते. अशा जागी भराव टाकून सुबाभूळ, गिरिपुष्प लावलं तर हिरवं दिसेल खरं, पण त्यांची सावली आणि त्यांनी वाढवलेलं नत्र सड्याच्या वनस्पतींच्या मुळावर येतं.

म्हणून उद्दिष्ट खाण सुरू होण्याआधीच लिहून घ्यावं : शेजारच्या न फोडलेल्या सड्यावरचं कोणतं गवत, कोणती फुलं, किती वर्षांत परत यायला हवीत. वरची माती वेगळी राखावी, बी तिच्यातच असतं. जांभ्याचा थर मात्र एकदा फुटला की पाणी धरणारा तळच जातो. तेवढा भाग पूर्ववत होणार नाही, हे खाणीच्या मंजुरीआधीच्या जनसुनावणीतच खाणवाल्यांकडून वदवून घ्या.