वीसच पतंग परत आले, म्हणून ऐंशी मेले?

चोपडा-यावल पट्ट्यातल्या कपाशीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : गुलाबी बोंडअळीचे 100 पतंग रंग लावून सोडले, दुसऱ्या रात्री कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) त्यातले 20च आले. म्हणजे 80 टक्के पतंग एका रात्रीत मरतात. सापळ्यात दिसतात तेवढेच शेतात असतात, मग काळजी कशाला? मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी बोंडं फोडून बघणंच सोडलंय, म्हणून हे लिहितोय.

आधी ते ‘80 मेले’. सापळ्यात न आलेला पतंग मेला असेल, शेजारच्या बांधापलीकडे गेला असेल, किंवा तिथेच असून सापळ्याकडे फिरकला नसेल. एका रात्रीच्या आकड्यावरून यातलं काय झालं ते कळतच नाही. त्यासाठी तिसरी रात्र लागते.

समजा, सोडलेल्या 100 पतंगांना लाल पूड लावली होती. दुसऱ्या रात्री आलेल्या 20 जणांना वरून पिवळी पूड लावून पुन्हा जिवंत सोडलं. तिसऱ्या रात्री लाल पुडीचे 16 आले आणि त्यातल्या चौघांवर पिवळी पूडही होती. आता नीट बघा. हे सोळाच्या सोळा दुसऱ्या रात्री जिवंत होतेच, मेलेला पतंग तिसऱ्या रात्री येत नाही. तरी त्या रात्री त्यातले चारच सापडले. म्हणजे जिवंत चारांमागे एकच सापळ्यात येतो. मग दुसऱ्या रात्री 20 आले तेव्हा जिवंत किती होते? चौपट, म्हणजे साधारण 80. मेसेजने सरळ मेले म्हणून धरलेल्यांपैकी बहुतेक पतंग शेतातच होते! 100 मधल्या उरलेल्या 20 मध्येही काही उडून गेलेले असणार, त्यामुळे खरं जगण्याचं प्रमाण याहूनही जास्त असू शकतं. हे गणित नवं नाही. कॉरमॅक यांनी 1964 मध्ये आणि जॉली व सेबर यांनी 1965 मध्ये ते सूत्रात बसवलं.

आकडे लहान असले की अंदाज बराच पुढे-मागे होतो, हे खरं. चारऐवजी तीन पिवळे आले असते तर उत्तर 100 च्याही वर गेलं असतं. म्हणूनच जास्त पतंग आणि जास्त रात्री लागतात.

‘दिसतात तेवढेच असतात’ हे तर घरीच तपासता येतं. मी पुतणीला डबाभर सरकी दिली. तिने 50 सरक्या लाल शाईने रंगवून परत मिसळल्या, डबा हलवला आणि न बघता 60 काढल्या. त्यात 6 लाल निघाल्या. 50 गुणिले 60 भागिले 6, म्हणजे 500. मग सगळ्या मोजल्या तर 468 भरल्या. हातात 60 होत्या म्हणून डब्यात 60 होत्या असं पोरगीसुद्धा म्हणाली नाही.

त्यातून कामगंध सापळ्यातली ल्यूर, म्हणजे आमिष, मादीच्या वासाची. तिच्याकडे फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी त्या आकड्यात नसतेच. ल्यूर जुनी झाली, पाऊस-वारा झाला, तर नरही कमी येतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री 8 पतंग ही पातळी म्हणजे धोक्याची घंटा आहे, शेतातली शिरगणती नव्हे.

‘रंगाने पतंग मरतात, पद्धतच खोटी’ असंही खाली कोणीतरी जोडलंय. शंका रास्त आहे, म्हणूनच रंगवलेले आणि न रंगवलेले पतंग पिंजऱ्यात शेजारी ठेवून आधी तपासतात. अमेरिकेत तर अळीच्या खाद्यातच लाल रंग घालत. तो पतंगाच्या अंगात उतरे आणि अळीची पैदास रोखायला सोडलेला वांझ पतंग कोणता, रानातला कोणता, हे सापळ्यात ओळखू येई. त्या देशाने 2018 मध्ये ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

सापळ्यात चार दिसले म्हणून लगेच फवारू नका, हे मलाही मान्य. पण पूर्वहंगामी कपाशी फुलावर असेल तर डोमकळ्या (आत अळी असल्याने न उमललेली, मिटलेली फुलं) बघा, आणि शेतभर फिरून 20 हिरवी बोंडं तोडून फोडा. दोनमध्ये अळी निघाली की 10 टक्के झाले, मग सापळा रिकामा असला तरी थांबू नका.