‘टायर रुंद केला तरी मीटरला फरक पडत नाही’ हे खरं नाही

आपल्याकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: रिम तीच असेल तर रुंद टायर बिनधास्त टाका, उंची बदलत नाही. स्पीडचं मीटर इंजिनवर चालतं. स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदललं तरी त्याला काही होत नाही. झालंच तर फायदा, कारण कंपनीचं मीटर मुळात जास्त दाखवतं. वर अ‍ॅव्हरेजही वाढतं.

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे. हा मेसेज वाचून टायर बदलून आलेल्या गाड्या मी बघतोय, म्हणून लिहितो.

मीटर इंजिनवर चालत असतं, तर सात रस्त्याला सिग्नलवर न्यूट्रलमध्ये रेस केल्यावर स्पीडचा काटा वर गेला असता. जातो तो आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा. स्पीडोमीटर चाकाच्या नाहीतर गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या मोजतं आणि एका फेरीत गाडी ठरावीक अंतर जाते असं धरून चालतं. ते अंतर बदललं, हे त्याला कळायला मार्गच नाही.

आता उंचीचं. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. टायरवरच्या १८५/६५ आर १५ मध्ये १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, १५ म्हणजे रिम इंचात. ६५ मात्र मिलिमीटर नाही, टक्के आहे. रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. १८५ चे ६५ टक्के १२० मिलिमीटर, २०५ चे १३३. साइडवॉल रिमच्या वरही येते आणि खालीही, म्हणून २०५/६५ टाकला की व्यास ६२१ वरून ६४७ वर जातो. रिम तीच, पण टायर चार टक्क्यांनी मोठा.

गेल्या महिन्यात एक सर अशीच गाडी घेऊन आले. टायरच्या दुकानात त्यांना ‘काही फरक पडत नाही सर’ असं छातीठोक सांगितलं होतं. जुने टायर डिकीतच होते. जुना टायर पुढे चढवला, टायरवर आणि फरशीवर खडूची खूण केली आणि गाडी बरोबर एक फेरा ढकलली. टेपवर १ मीटर ८९ सेंटिमीटर भरले. मग नवा टायर: १ मीटर ९७. सरांनी टेप स्वतः धरला होता. ‘एका फेऱ्यात आठ सेंटिमीटर?’ असं दोनदा विचारलं त्यांनी. किलोमीटरला सव्वापाचशेच्या आसपास फेरे होतात. म्हणजे दर किलोमीटरला चाळीसेक मीटर अंतर स्पीडोमीटरच्या हिशोबातून गायब.

मग मोहोळच्या दिशेने पुणे रोडला गेलो. मीटरवर ८० धरलं आणि किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ सरांनी मोबाइलवर घेतला. खरे ८० असतील तर ४५ सेकंद लागतात. जुन्या चारही टायरवर ४७ लागले होते, म्हणजे खरा वेग ७६-७७. नव्यांवर बरोबर ४५.

इथे कुणी म्हणेल, मेसेज खराच की, मीटर दुरुस्त झालं! त्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ मध्ये स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही, आणि जास्त दाखवायची मुभा दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर. खऱ्या ८० ला काटा ८० ते ९२ मध्ये कुठेही चालतो. पण प्रत्येक गाडीत ही सूट वेगळी असते. सरांच्या गाडीत ती चार टक्के निघाली म्हणून जमलं. तुमच्यात दोनच असेल तर काटा ८० दाखवत असताना तुम्ही ८१-८२ ने जाताय.

आणि किलोमीटर मोजणाऱ्या आकड्याला ही सूट नसते. तो मुळात बराचसा बरोबर असतो, तोच मोठ्या टायरने बिघडतो. मीटरवर १०,००० झाले की गाडी १०,४०० च्या वर पळालेली असते, आणि ऑइल तेवढं उशिरा बदललं जातं. अ‍ॅव्हरेजचंही तेच. सोलापूर-पुणे २५० किलोमीटर धरा, १५ लिटर पेट्रोल. खरं अ‍ॅव्हरेज १६.७. मीटर २४० दाखवणार, हिशोब येणार १६. म्हणजे मोठ्या टायरने कागदावरचं अ‍ॅव्हरेज घटतं. लहान टायर टाकणाऱ्याला ते फुकट वाढलेलं दिसतं, पेट्रोल मात्र तेवढंच जळतं.

स्प्रॉकेटचं उत्तर गाडीगणिक वेगळं. पुढच्या चाकातून केबल येणाऱ्या जुन्या शंभर सीसी गाड्यांना खरंच फरक पडत नाही. पण सेन्सर गिअरबॉक्सवर असेल आणि पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं काढून १५ चं बसवलं, तर काटा ८० वर आणि गाडी ८५ च्या पुढे. ओळखायचं कसं? गाडी मधल्या स्टँडवर घ्या, हात-कपडे चेनपासून लांब ठेवा, गिअर टाकून मागचं चाक फिरवा. काटा शून्यावरच राहिला तर मीटर पुढच्या चाकाचं. हलला तर सेन्सर गिअरबॉक्सवर आहे की मागच्या चाकावर, ते बघून घ्या. जुन्या जीपमध्ये केबल गिअरबॉक्सकडून येते, त्यामुळे क्राउन-पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी, ५.३८ गुणोत्तराची काढून ४.८८ ची टाकली की मीटर दहा टक्के मागे पडतं. तिथे केबलची छोटी गरारी बदलून ते जुळवता येतं.

रुंद टायर टाकूच नका असं माझं म्हणणं नाही. रुंदी वाढवली की मधला आकडा उतरवा. १९५/५५ आर १६ ला रिम एक इंच मोठी, तरी उंची १८५/६५ आर १५ एवढीच. सरांना रिम बदलायची नव्हती. त्यांनी २०५/६० आर १५ घेतले आणि परवा स्वतःच खडू मागितला. टेपवर १ मीटर ९१ सेंटिमीटर आले.