रेगे घडवलं साउंड सिस्टिमवाल्यांनी

रेगेचा विषय निघाला की गाडी थेट बॉब मार्लेवर जाऊन थांबते. गोव्याच्या शॅकमध्ये त्याचं चित्र, कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टवर त्याच्या जटा, आणि 'रेगे म्हणजे गांजा ओढून निवांत पडायचं संगीत' हे ठरलेलं वाक्य. मार्ले थोरच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण रेगेची गोष्ट त्याच्यापासून सुरू केली की अर्धी हातातून जाते. माझ्या मते ती जमैकाच्या राजधानीतल्या, किंग्स्टनमधल्या एका दारूच्या दुकानापासून सुरू करायला हवी.

ड्यूक रीड हा माजी पोलिस. नोकरी सोडली आणि बायकोबरोबर 'ट्रेझर आयल' नावाचं दारूचं दुकान चालवायला लागला. कमरेला पिस्तूल, आणि सामान वाहायला 'ट्रोजन' कंपनीचा ट्रक. १९५०च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत नाचायला बँड परवडत नव्हता, घरात रेकॉर्ड प्लेयर असणं तर लांबच. मग मोकळ्या पटांगणात कपाटाएवढे स्पीकर रचायचे, अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या लावायच्या आणि खरा गल्ला बिअर-रमवर जमवायचा. हा धंदा म्हणजे साउंड सिस्टिम. आपल्या मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती डोळ्यांसमोर आणा. फक्त एक फरक: कुणाचा आवाज मोठा एवढ्यावर तिथे निकाल लागत नसे. दुसऱ्याकडे नसलेलं गाणं कुणाकडे आहे, यावर लागायचा.

त्यासाठी काय काय चालायचं! ड्यूक रीडचा प्रतिस्पर्धी कॉक्सन डॉड तबकड्यांवरची लेबलं खरवडून टाकायचा, म्हणजे गायक कोण, गाणं कुठलं, हे शेजारच्याला कळूच नये. विलिस जॅक्सनच्या सॅक्सोफोनची एक तबकडी त्याने 'कॉक्सन हॉप' असं स्वतःचंच नाव ठोकून वर्षानुवर्षं वाजवली. शेवटी ड्यूक रीडने ती शोधून काढली आणि भर कार्यक्रमात लावली. कॉक्सनला जागेवर भोवळ आली, असा किस्सा सांगतात. थोडं तिखटमीठ असेल, पण ईर्ष्या खरी होती.

पुढे अमेरिकेची आवड बदलली. रॉक अँड रोल आलं आणि जमैकाच्या नाचऱ्या गर्दीला हवा असलेला माल मिळेनासा झाला. मग या दोघांनी आणि प्रिन्स बस्टरसारख्यांनी गावातलेच वादक धरले आणि स्वतः गाणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. सुरुवातीला विक्रीसाठी नाहीच, फक्त आपल्या सिस्टिमवर वाजवायला. शनिवारी रात्री गर्दी नाचली तर गाणं पास, नाही नाचली तर तबकडी कोपऱ्यात. माझा मुद्दा इथेच आहे. जमैकन संगीताचे पहिले समीक्षक तिथले बिगारी, गोदी कामगार आणि मोलकरणी होत्या, आणि त्यांचा निकाल पायांतून लागायचा. त्यातून स्का हे रेगेच्या आधीचं संगीत आलं. ६ ऑगस्ट १९६२ला देश स्वतंत्र झाला तेव्हा किंग्स्टनमध्ये स्काच वाजत होतं.

स्काचा सगळ्यात मोठा बँड म्हणजे द स्कॅटलाइट्स. त्यातला ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड, सॅक्सोफोनवाला टॉमी मकूक, लेस्टर स्टर्लिंग, ट्रम्पेटवाला जॉनी मूर, ही सगळी 'अल्फा बॉइज स्कूल'ची पोरं. गरीब आणि वाया गेलेल्या म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी नन्सनी चालवलेली ही शाळा. तिथल्या सिस्टर इग्नेशियसकडे तबकड्यांचा मोठा संग्रह होता आणि मुलांना ऐकवायला त्या स्वतः लावायच्या. या बाईंचं चित्र कुणी टी-शर्टवर छापत नाही.

१९६६च्या सुमारास लय संथ झाली आणि रॉकस्टेडी आलं. जेमतेम दोन वर्षं टिकलं, पण गोडव्यात त्याच्या जवळपास काही नाही. फुंकवाद्यं मागे सरली, बास गिटार पुढे आली. १९६८मध्ये द मेटल्सच्या 'डू द रेगे' या गाण्याने नव्या चालीला नाव दिलं.

ही चाल ऐकायची कशी, ते आपल्या भाषेत सांगतो. चार मात्रा मोजा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक ठोका पडतो. पहिली मात्रा, जिथे आपल्याला समेचा आघात हवा असतो, ती चक्क मोकळी. तिसरीवर ड्रमचा सगळा भार एकदम कोसळतो. मार्लेच्या बँडमधला कार्लटन बॅरेट यात उस्ताद. समेवर मान हलवायची सवय असलेल्या आपल्या कानाला पहिल्यांदा पायरी चुकल्यासारखं वाटतं. एकदा जमलं की मात्र बाकीचं संगीत उगाच घाईत असल्यासारखं वाटायला लागतं.

आता माझा खरा नायक. किंग टबी. गाता येत नव्हतं, वाद्य वाजवत नव्हता. वॉटरहाउस भागात ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा, रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. त्याच्याआधी, ६०च्या दशकाच्या अखेरीस, ड्यूक रीडच्या स्टुडिओत एक गंमत घडली होती. स्पॅनिश टाउनच्या रुडी रेडवुड या साउंड सिस्टिमवाल्यासाठी एक तबकडी कापताना तंत्रज्ञाकडून गायकाचा आवाज घ्यायचाच राहिला. रेडवुडने ती तशीच लावली, आणि वरचं गाणं गर्दीनेच म्हटलं. तेव्हापासून तबकडीच्या मागच्या बाजूला बिनआवाजाचं 'व्हर्शन' यायला लागलं. टबीने त्यावर कळस चढवला. त्याने एका मोठ्या स्टुडिओतून निघालेलं जुनं चार ट्रॅकचं मिक्सर घेतलं आणि आईच्या घरात बसवलं. न्हाणीघर झालं आवाज घ्यायची खोली. गाण्यातला एखादा शब्द अर्ध्यात तोडायचा आणि प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. गिटार काढून घ्यायची, नुसते बास आणि ड्रम ठेवायचे, मग स्नेअर ड्रमचा एकच ठोका असा उडवायचा की गडगडाट झाल्यासारखा वाटावा. हे सगळं हाताने, एका दमात, परत तेच कधीच नाही. याला डब म्हणतात. मिक्सरचं वाद्य करणारे जगात आज लाखो आहेत. सुरुवात दुरुस्तीच्या टेबलावर झाली. १९८९मध्ये घराबाहेर गोळ्या घालून त्याला मारलं.

त्या मोकळ्या व्हर्शनवर माइक घेऊन बोलणारे यू-रॉयसारखे लोक आले. जमैकात त्यांनाच डीजे म्हणतात. तबकड्या लावणारा तो सिलेक्टर. किंग्स्टनचा क्लाइव्ह कॅम्पबेल १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्सला गेला, डीजे कूल हर्क झाला. ११ ऑगस्ट १९७३ला बहिणीच्या शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला दोघांनी इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली, आणि हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून आज तीच तारीख सांगतात. आमच्या मुंबईच्या पोरांचं रॅप इथपर्यंत मागे जातं.

आणि मार्ले? तोही याच कारखान्यातला. 'सिमर डाउन' हे मार्लेच्या वेलर्स या गटाचं पहिलं गाजलेलं गाणं कॉक्सनच्या स्टुडिओ वनचं, साथीला स्कॅटलाइट्स. वेलर्सना सूर जुळवायला शिकवलं ते ट्रेंचटाउनच्या जो हिग्जने. त्या हिग्जची सुरुवातीची एक तबकडी काढली होती एडवर्ड सीगाने. हो, तोच सीगा, जो पुढे देशाचा पंतप्रधान झाला आणि २२ एप्रिल १९७८ला मार्लेने ज्याचा हात भर मंचावर त्याचा कट्टर विरोधक आणि तेव्हाचा पंतप्रधान मायकल मॅनली याच्या हातात दिला. फोटो सुंदर आहे. दोनच वर्षांनी १९८०च्या निवडणुकीत शेकडो माणसं मारली गेली. वेलर्सच्या १९७३च्या 'कॅच अ फायर' या अल्बमवर लंडनमध्ये एका अमेरिकन वादकाची रॉक गिटार चढवली गेली, गोऱ्या श्रोत्यांना पचावं म्हणून. धंदा म्हणून बरोबरच होतं. पण आपण ज्याला रेगेचा अर्क समजतो, ते निर्यातीसाठी बांधलेलं पाकीट होतं हे माहीत असावं.

गांजाचं म्हणाल, तर तो तिथे नेला आपल्याच लोकांनी. १८४५पासून ऊसमळ्यांसाठी नेलेले गिरमिटिये मजूर, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे. गांजाला पवित्र मानणाऱ्या रास्ताफारी या जमैकन पंथाचा आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल याने आपलं पुस्तक जी. जी. मराघ या नावाने काढलं होतं. 'मराघ' म्हणजे महाराज, हे ओळखायला आपल्याला कष्ट पडत नाहीत.

मला राग येतो तो पैशाच्या बाबतीत. एकच चाल, तिथल्या भाषेत रिडिम, शेकडो गाण्यांना लावायची, ही जमैकाची मोठी युक्ती. स्टुडिओ वनचं १९६७चं 'रिअल रॉक' अजून वापरलं जातं. पण वादकाला मिळायची ती त्या दिवसाची मजुरी. देशाचा स्वतःचा आधुनिक कॉपीराइट कायदा आला १९९३मध्ये. २०१८मध्ये युनेस्कोने रेगेला मानवतेचा वारसा म्हणून यादीत घेतलं तेव्हा टाळ्या वाजवायला त्यातले किती म्हातारे वादक उरले होते, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

१९८५मध्ये तर वादकच नको झाले. किंग जॅमी या निर्मात्याने गायक वेन स्मिथच्या 'अंडर मी स्लेंग टेंग'साठी कॅसिओच्या छोट्या एमटी-४० कीबोर्डमधला तयार ठेका घेतला, संथ केला, आणि डान्सहॉल, म्हणजे रेगेतून निघालेलं नाचाचं संगीत, डिजिटल झालं. तो ठेका कॅसिओसाठी रचला होता ओकुदा हिरोको या तरुण जपानी मुलीने. नोकरीला लागण्याआधी कॉलेजात तिने प्रबंध लिहिला होता, विषय रेगे. पुराणमतवाद्यांनी तेव्हा छाती पिटली. मला मात्र हे सगळं ड्यूक रीडच्याच वळणाचं वाटतं: हाताशी जे यंत्र आहे ते घ्या, शनिवारी रात्री लावा, गर्दी काय करते बघा.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी स्कॅटलाइट्स, मग ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओची रॉकस्टेडी, मग ऑगस्टस पाब्लोचा १९७६चा 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन'. पाब्लो त्यात मेलोडिका वाजवतो, शाळकरी पोरांचं फुंकायचं कीबोर्ड, आणि काय वाजवतो! फक्त फोनच्या स्पीकरवर लावू नका. बास त्यातून येतच नाही, आणि बास गेला की मागे उरते ती नुसती गिटारची टकटक.