छोटी भाड्याची गाडी घाटात दम टाकते म्हणे!

गेले दोन आठवडे आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच, "सुट्टीत भाड्याची छोटी गाडी घेऊन लांब जाणाऱ्यांनी जरूर वाचा" म्हणून. सहा मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. मी मे महिन्यातच सेल्फ ड्राइव्हची वॅगनआर 1.2 घेऊन पुणे-आंबोली-मालवण आणि परत अशी जाऊन आलेय, चार माणसं, आईची एक बॅग जी स्वतःच पाचवं माणूस आहे, आणि येताना तीन पेट्या हापूस. तेव्हा एकेक मुद्दा घेतेच.

"छोटं इंजिन घाटात दम टाकतं, एसी बंद करावाच लागतो." येताना दाणोली सोडलं आणि आंबोलीचा चढ लागला, मी आपली तिसऱ्या गिअरमध्येच रेटत होते, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 1800, गाडी घरघरायला लागली आणि मागून आई म्हणाली, बंद कर गं तो एसी. मी एसी राहू दिला आणि दुसरा टाकला, काटा 3500 वर गेला, आवाज वाढला पण गाडी अशी गेली की आई पुढे काही बोललीच नाही. या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, 4400 आरपीएमच्या आसपास पूर्ण मिळतो हो, टर्बो नाहीये, खालच्या आरपीएमला ताकद मागितली तर देणार कुठून? आपल्याकडे इंजिन ओरडलं की लोकांच्या जिवावर येतं, म्हणून वरच्या गिअरला रेटतात आणि मग दोष एसीला. आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलात तर बहुतेक नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडतो, तुम्ही बटणाशी खेळायची गरज नाही. एक मात्र कबूल, फुल लोडमध्ये चढावर एसटीला ओव्हरटेक करायचं तर मोकळा रस्ता बराच लांब दिसायला हवा. मला दिसला नाही, बसले मागे डिझेलचा धूर खात.

"80 च्या वर गाडी बीप मारते म्हणजे तिची तेवढीच कपॅसिटी." हे वाचून मी चहा सांडला. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या प्रत्येक कारला स्पीड अलर्ट सक्तीचा आहे, 80 ला अधूनमधून टिंग टिंग आणि 120 ला सलग. चाळीस लाखांच्या एसयूव्हीलाही तीच टिंग टिंग आहे, तिची पण कपॅसिटी 80 का?

याच मुद्द्यात "हलकी गाडी वाऱ्याने हलते" असं घुसडलंय, ते मात्र खरंय. वॅगनआर 1620 मिमी रुंद आणि 1675 मिमी उंच, म्हणजे रुंदीपेक्षा उंचच. साताऱ्याच्या पुढे मोकळ्यावर आडवा वारा लागला आणि शेजारून व्होल्वो गेली तेव्हा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागलं. मी वेग कमी करून 85 वर आले, विषय संपला.

आता सगळ्यात डेंजर मुद्दा. "उतारावर न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं." कार्ब्युरेटरच्या जमान्यात, पद्मिनी आणि जुन्या 800 च्या काळात, यात थोडंफार तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ईसीयू पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं ते, जातं आणि सगळा भार ब्रेकवर. जाताना आंबोली उतरताना पुढे एक गाडी होती, तिचे ब्रेक लाइट प्रत्येक वळणाला नाही, सतत पेटलेले, आणि धबधब्याच्या खाली दोन वळणांवर तिच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास आमच्या गाडीत आला. लेक म्हणाली, कोणीतरी प्लास्टिक जाळतंय. मी दुसऱ्यात उतरले, ब्रेक फक्त वळणाच्या आधी. पूर्ण ट्रिपला 780 किमी आणि साधारण 43 लिटर, 18 चं अ‍ॅव्हरेज, न्यूट्रल एकदाही न करता.

"दर 100 किमीला बॉनेट उघडून इंजिन थंड करा." कूलंट आणि फॅन कशाला दिलेत मग? पळत्या गाडीच्या रेडिएटरला उभ्या गाडीपेक्षा जास्तच वारा लागतो. थांबा जरूर, कराडला आम्हीही थांबलो, पण ते कमरेसाठी.

"उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवा, नाहीतर फुटतो." पंपावरच्या पोरानेही हेच केलं, मी ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा सांगितला, त्याने चार कमी भरली, वर "गरमी आहे ताई". हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि त्यानेच जास्त तापते, म्हणजे फुटायची भीती कमी हवेलाच जास्त. परत भरून घेतली. भाड्याच्या गाडीत बघायचं ते टायरचं वय, आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नाही. टायरच्या बाजूवर जो लांब कोड असतो त्याच्या शेवटी चार आकडे असतात, मला आधी दिलेल्या गाडीच्या मागच्या डाव्या टायरवर 2218 होते, म्हणजे 2018 चा 22 वा आठवडा, आणि बाजूला बारीक भेगा. मी म्हटलं ही नको. पाऊण तास कुरकुर झाली, पण गाडी बदलून मिळाली. डिकी उघडून स्टेपनीही बघितली, लोक ती बघतच नाहीत.

शेवटचा मुद्दा, "कंपनीकडून घेण्यापेक्षा ओळखीतल्याची पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घ्या, निम्म्यात पडते." पडेल की, काही झालं नाही तोवर. भाड्याने द्यायच्या सेल्फ ड्राइव्ह गाडीला काळी प्लेट आणि पिवळे आकडे असतात, पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर चालत नाही असं लिहिलेलं असतं, त्यामुळे ठोकली तर क्लेम अडकतो आणि तो ओळखीतला तुमच्या दारात उभा. हा मेसेज टाकणारे आमचे काका गेल्या दिवाळीत अशाच पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून गणपतीपुळ्याला जाऊन आलेत, भाडं रोख दिलं, पावती नाही.