३७ नंबर आणि माझी करंगळी

परवा ऑफिसमधून घरी आले, दारातच सँडल काढली आणि बघते तर करंगळीच्या बाजूला फोड फुटलेला आणि त्यावर पट्ट्याचा तपकिरी रंग उतरलेला. सँडल नवीन, घेऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, दिसायला इतकी छान की ऑफिसात तिघींनी विचारलं कुठून घेतलीस म्हणून. लेक सोफ्यावर बसली होती, तिने पाय बघितला आणि सहज म्हणाली, "आई तुझा पाय रुंद आहे ना, म्हणून होतं तसं." तिचा काही दोष नाही, हे वाक्य मी स्वतः आयुष्यभर ऐकत आलेय. लग्नाच्या चपला घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने हेच म्हटलं होतं, आई हेच म्हणायची, आत्याही हेच म्हणायची. आणि मी पण मान्य करून टाकलं होतं की आपला पायच वाकडा, त्याला कोण काय करणार. तर आज मला त्याच वाक्याबद्दल लिहायचंय, कारण माझा आता त्यावर अजिबात विश्वास राहिलेला नाही.

आधी आमचा दिवस कसा असतो ते सांगते. भांडुपला घरापासून स्टेशन पंधरा मिनिटं चालत, मग पुलाचे जिने, मग ट्रेनमध्ये उभं. सीएसएमटीपर्यंत बसायला मिळालं तर तो दिवस सणाचा. लेडीज डब्यात उभं राहणं म्हणजे नुसतं उभं राहणं नसतं, प्रत्येक स्टेशनला एका पायावरून दुसऱ्या पायावर तोल सांभाळायचा, कुणाचा तरी पाय आपल्या पायावर पडतोच, आणि दादरला जो लोंढा आत येतो त्यात चप्पल पायात राहिली तरी मिळवलं. मग सीएसएमटीवरून फोर्टात चालत. संध्याकाळी हेच सगळं उलट, वर भाजीची पिशवी. या शहरात बाई जेवढं उभी राहते आणि चालते तेवढं क्वचितच कुठे चालत असेल, आणि तिच्यासाठी जे पादत्राण बनतं ते मात्र गाडीतून उतरून गालिच्यावर पाय ठेवणाऱ्या बाईसाठी बनवल्यासारखं. याचा मला खरंच राग येतो.

त्यात हा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये मुंबईत पारा विदर्भासारखा चढत नाही, पण दमटपणा असा की घाम वाळतच नाही. आणि गरमीत पाय सुजतात हे तर आपण सगळ्याच बघतो, सकाळी नीट बसलेली चप्पल संध्याकाळी रुतते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दिवसभर उभं राहून पाणी खाली पायात उतरतं, म्हणून होतं ते. म्हणजे सकाळी अकराला निवांत दुकानात जाऊन घेतलेली चप्पल संध्याकाळी सहाच्या पायाची नसतेच. मी आता ठरवलंय, चप्पल खरेदी फक्त ऑफिस सुटल्यावर, दमलेल्या, सुजलेल्या पायाने. आणि दोन्ही पायांत घालून बघायची, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. दुकानात गालिचा असेल तर त्याच्या बाहेर लादीवर येऊन चालून बघायचं. सेल्समन कंटाळतो, कंटाळू दे.

आता रुंद पायाचं. आपल्याकडे दुकानात जे नंबर मिळतात, ६, ७, ८ किंवा ३६, ३७, ३८, ते सगळे ब्रिटिश नाहीतर युरोपियन पद्धतीचे. चेन्नईला केंद्र सरकारची चामड्यावर संशोधन करणारी संस्था आहे, सीएलआरआय, त्यांनी काही वर्षांपूर्वी देशभरात एक लाखाच्या वर लोकांच्या पायांची मापं घेतली, थ्रीडी स्कॅनरने, त्यात पाच वर्षांच्या मुलांपासून मोठ्यांपर्यंत सगळे होते. निष्कर्ष काय निघाला? भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात. त्यावरून आपली स्वतःची मापं ठरवायचं चाललंय, नाव 'भा', भारतातला भा. हे वाचलं तेव्हा मी किती वेळ नुसती बसून राहिले. इतकी वर्षं माझी समजूत की माझ्या पायात काहीतरी खोट आहे, आणि इथे लाखभर लोकांचे पाय माझ्यासारखे!

आणि यात आपण बायका एक चूक कायम करतो, म्हणजे आपल्याला करायला लावतात. ३७ टोचते म्हटलं की दुकानदार ३८ काढून देतो. युरोपियन नंबर एकाने वाढला की लांबी वाढते साधारण साडेसहा-पावणेसात मिलिमीटर, रुंदी त्यामानाने अगदी थोडी. म्हणजे करंगळी टोचायची ती टोचतेच, वर टाच मागे सटकायला लागते, मग आपण बोटांनी चप्पल पकडून चालतो आणि रात्री पोटऱ्या दुखतात. माझ्या आधीच्या सँडलचं हेच झालं होतं. मॉलमधलं मोठं दुकान, नाव घेत नाही, तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम वापरून सैल होईल." पट्टा रेक्झिनचा होता. चामडं वापरून सैल होतं, पायाचा आकार घेतं. रेक्झिन एक तर तसंच राहतं नाहीतर तुटतं. हे तिला माहीत नसेलही, पण तिला शिकवणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं ना? बावीसशे रुपये घेतले त्यांनी माझ्याकडून.

दोन वर्षांपूर्वी माझी टाच धरली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की सुई टोचल्यासारखी कळ, चार पावलं चाललं की जरा कमी. डॉक्टरांनी सांगितलं तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत जो जाड पट्टा असतो त्याला सूज आहे, आणि पहिला प्रश्न विचारला, चपला काय घालता? मी तेव्हा त्या कागदासारख्या पातळ फ्लॅट चपला घालायचे, बारीक खडे लावलेल्या, कारण हील नको म्हणजे फ्लॅट बरं असं आपल्याला वाटतं. त्यांनी सांगितलं एकदम सपाट पण नको आणि उंच पण नको, टाचेला दोन-तीन सेंटीमीटर उंची, आणि मधे पायाच्या कमानीला आधार. मग त्यांनी माझीच चप्पल हातात घेतली आणि मधून दुमडली, घडी झाली तिची, पोळीसारखी. म्हणाले, "चप्पल बोटं जिथे वाकतात तिथे वाकली पाहिजे, मधून वाकली तर ती घेऊ नका." तेव्हापासून मी दुकानात प्रत्येक चप्पल हातात घेऊन वाकवून बघते, थोडी पिळून पण बघते. आणि मागून पट्टा असलेलीच घेते, कारण मागे काही नसलं की बोटं सतत चप्पल धरून ठेवायचं काम करत राहतात, आपल्याला कळत पण नाही.

कुणी म्हणेल मग स्पोर्ट्स शूज घाल. घालते की, पावसाळ्यानंतर घालतेच. पण मे महिन्यात दहा तास बंद बुटात पाय म्हणजे मोजे ओलेचिंब, बोटांच्या बेचक्यात खाज. आणि दुसरं म्हणजे मला कॉटनच्या साडीवर, हातमागाच्या कुर्त्यावर छान दिसेल असं काहीतरी पायात हवंय, आणि हे मागणं मला अजिबात जास्तीचं वाटत नाही. बाईने एक तर छान दिसावं नाहीतर पाय सुखात ठेवावे, दोन्हीतलं एक निवड, असं तिला का सांगावं? आणि काही वर्षांनी टाच धरली की तिनेच डॉक्टरांकडे रांगेत बसायचं.

सोलबद्दल एक सांगायलाच हवं कारण यात माझी वहिनी पडता पडता वाचली. भाचीच्या लग्नात घातलेल्या तिच्या सँडल, दोन वर्षं डब्यात जपून ठेवलेल्या, जवळपास नव्याच. गेल्या महिन्यात काढून घातल्या आणि रिक्षापर्यंत जाईतो सोलचे तुकडे, अक्षरशः ओल्या खारीसारखे भुगा होऊन रस्त्यावर. ते पीयू सोल असतात, पॉलीयुरेथेन. हवेतल्या दमटपणाने ते आतून विघटत जातात, वापरा नाहीतर ठेवून द्या, आणि मुंबईत दमटपणाला काय कमी. जपून ठेवणं हा त्यावर उपायच नाही. म्हणून हलकं हवं असेल तर ईव्हीए, म्हणजे फोमसारखा सोल, टिकाऊ हवं असेल तर रबर, आणि पीयू घेतलंच तर घालून संपवायचं, सणासुदीसाठी ठेवायचं नाही.

आता कोल्हापुरी, कारण उन्हाळा म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी तीच आठवते आणि दिसायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, साडीवर घाला, जीन्सवर घाला. २०१९ मध्ये तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीने तशीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता, तेव्हा केवढा गदारोळ झाला, मग त्यांनी मान्य केलं की हो, प्रेरणा तिथलीच. मला तेव्हा आनंद आणि राग दोन्ही झालं होतं. पण खरं सांगायचं तर आपण मुंबईकर तरी कुठे अस्सल ओळखतो? फुटपाथवर कोल्हापुरी म्हणून जे मिळतं त्यातलं कितीतरी रेक्झिन आणि आत पुठ्ठा असतो. अस्सल असेल तर चामडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं, शिवण चामड्याच्या वादीची, आणि नवी असताना ती चावते, हे कबूल करायला हवं. पट्ट्याला आतून खोबरेल लावून आठवडाभर घरात घालायची, मग ती तुमची होते, तुमच्या अंगठ्याचा ठसा त्यात उमटतो. स्टेशनच्या गुळगुळीत लाद्यांवर चामड्याचा तळ सटकतो म्हणून खालून पातळ रबर मारून घ्यायचं. पावसाच्या पहिल्या सरीआधी कपाटात. भिजलीच तर सावलीत वाळवायची, उन्हात चामडं कडक होतं. आणि टाच दुखत असेल त्या महिन्यात नको, ती सपाटच असते शेवटी.

लिंकिंग रोड, कुलाबा कॉजवे इथे मी पण खूप फिरले, घासाघीस केली, आणि तिथे नजर लागेल अशा सँडल मिळतात हे खरंय, पण एका सीझनच्या वर मी त्यांच्याकडून अपेक्षा ठेवत नाही. चेंबूर-कुर्ल्याच्या बाजूला ठक्कर बाप्पा कॉलनी आहे, तिथे घराघरात पादत्राणं बनतात, मैत्रिणीने तिथून माप देऊन करून आणल्यात. मी अजून गेले नाही, जाणार आहे.

तर त्या फोडाचं काय झालं ते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सँडल पिशवीत घालून आमच्या स्टेशनबाहेर बसणाऱ्या काकांकडे गेले. इतकी वर्षं त्यांच्याकडे फक्त तुटलेली चप्पल शिवायला नेत होते. ते म्हणाले, "ताई, आधी घाला आणि उभ्या राहा. बसून नाही, उभ्या." मी उभी राहिले, पिशव्या खांद्यावर तशाच. त्यांनी करंगळीच्या सांध्यापाशी अंगठ्याने दाबलं, पट्टा कुठे ताणलाय ते बघितलं आणि खडूने रेघ मारली. मग पट्ट्याचं बाहेरचं टोक सोलमधून अलगद सोडवलं, आत करंगळीएवढा चामड्याचा तुकडा जोडला, सोल्यूशन लावलं, हातोडीने ठोकलं, वरून दोन टाके. जेमतेम एक सेंटीमीटर वाढला असेल पट्टा. मी पैसे विचारले तर ऐंशी रुपये. मी म्हटलं काका, माझा पाय रुंद आहे म्हणून हे सगळं करावं लागतंय. त्यांनी वरही बघितलं नाही, म्हणाले, "पाय बरोबर आहे तुमचा. ज्या साच्यावर चप्पल बनते ना, तो फर्मा बारीक आहे यांचा. रोज चार जणी येतात असं सांगत."

रोज चार जणी. एका स्टेशनबाहेर, एका माणसाकडे!

आज तीच सँडल घालून गेले आणि आले, भांडुप ते फोर्ट आणि परत, फोडावर पट्टी होती पण पट्टा कुठे लागला नाही. रात्री जेवणं झाल्यावर मी जमिनीवर पेपर पसरला आणि लेकीला म्हटलं, ये, उभी राहा यावर. पेन सरळ धरून तिच्या दोन्ही पावलांभोवती रेघ मारली, कात्रीने कापलं, आणि तिच्या कॉलेजच्या सँडलवर ते कागदाचं पाऊल ठेवलं. दोन्ही बाजूंनी बाहेर आलं, करंगळीकडे तर चांगलं बोटभर. ती बघत राहिली. एकोणीस वर्षांची आहे. मग हळूच म्हणाली, "माझा पण दुखतो गं संध्याकाळी, मला वाटलं सगळ्यांचाच दुखतो."

तिच्या सँडल पिशवीत भरून ठेवल्यात, उद्या सहाच्या आत काकांकडे पोचायचंय.