उपासाले काय चालते जी?

ईस्टरआधीचा आम्हा कॅथलिकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलातल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचं वाचन असतं. उपवास करताना तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळता कामा नये. हे ऐकून पंधरा-वीस मिनिटं होतात न होतात तोच फादर राखेत अंगठा बुडवून आपल्या कपाळावर चांगला दोन बोटं लांब काळा क्रूस काढतात. मग नागपूरच्या कस्तुरचंद पार्कला मेट्रोत बसून बर्डीला उतरेपर्यंत निदान दोन भले लोक रुमाल पुढे करतात. ‘भाऊ, कपाळाले काहीतरी लागलं जी.’

ही राख चुलीतली नसते. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित झालेल्या झावळ्या वर्षभर घरातल्या क्रूसामागे खोचून वाळतात. त्या गोळा करून लोखंडी कढईत जाळायच्या, निवल्यावर कुटायच्या आणि मैद्याच्या चाळणीतून चाळायच्या. झावळी दमट राहिली तर ती जळत नाही, नुसती धुमसते, आणि राखेऐवजी तपकिरी भुसा मिळतो. चाळणीचा कंटाळा केला तर पहिल्याच कपाळाला काडी टोचते. आणि राख चिकटावी म्हणून कोणी उत्साही माणूस त्यात पाणी ओततो, तेव्हा तयार होतो तो खार. त्याने कपाळ चुरचुरतं आणि पश्चात्ताप जरा जास्तच खरा वाटतो. खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात.

पण खरी कसोटी कॉलनीच्या फाटकातून आत शिरल्यावर असते. शेजारच्या काकू म्हणतात, ‘आज तुमचाबी उपास? मंग थांबा, साबुदाणा भिजवलाच आहे!’

आता हे समजावणं म्हणजे चाळीस दिवसांतलं सर्वांत अवघड प्रायश्चित्त. मराठी माणसाच्या लेखी उपवास म्हणजे धान्याची बदली. गहू रजेवर गेला की भगर येते, तुरीच्या जागी शेंगदाणे बसतात. त्यामुळे प्रश्न एकच, काय चालतं आणि काय चालत नाही. आमच्या उपवासाला पोळी चालते, वरण चालतं, कांदा-लसूण तर धावतो. आमचं भांडण पदार्थाशी नाही, मापाशी आहे. दिवसातून एक पोटभर जेवण. सकाळी आणि रात्री थोडं थोडं, पण ती दोन थोडकी मिळून दुसरं जेवण होता कामा नये. काकूंची साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा, तूप आणि दाण्याचं कूट, हे कोणत्याही तराजूत ‘थोडं’ नाही. ती अकरा वाजता खाल्ली की दिवसाचं मुख्य जेवण तिथेच संपलं. म्हणजे उपवासाचा पदार्थ खाल्ल्याने आमचा उपवास धोक्यात येतो. हे वाक्य काकूंना सांगून पाहा.

असा मापाचा उपवास वर्षात दोनदाच सक्तीचा, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वय 18 पासून 59 पूर्ण होईपर्यंत. मांसवर्ज्य मात्र 14 पासून आणि त्याला वरची मर्यादा नाही. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, कष्टाची कामं करणाऱ्या सगळ्यांना सूट आहे. साखरेची गोळी घेणाऱ्याने तर जेवण चुकवूच नये. ही सूट चर्चने दिलेली असली तरी घरातल्या ऐंशीच्या आजीने ती आजवर मान्य केलेली नाही. उरलेल्या शुक्रवारी फक्त मांस बंद. आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस भरतात 46. मधले 6 रविवार वजा करा, मग 40. रविवार का वजा, तर तो दर आठवड्याचा छोटा ईस्टर. चहा सोडलेल्या माणसाला रविवारी चहा चालतो का, यावर घरोघरी दोन तट असतात आणि दोन्ही तट रविवारी सकाळी स्वयंपाकघरातच सापडतात.

आता मांस. इथे नागपूर आडवं येतं. आमच्या कॉलनीत सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार गजानन महाराजांचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. बहुतेकांना मोकळे वार उरतात तीन: बुधवार, शुक्रवार, रविवार. म्हणजे राखेच्या बुधवारी मिस्सेहून परतताना आणि दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं (येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना) करून आठच्या सुमारास घरी येताना, जिन्यातल्या प्रत्येक दाराआडून सावजी मसाल्याचा वास येणार. हा कट नाही, पंचांग आहे. उपवासाच्या आधी मांस संपवायचा आमचा शेवटचा दिवस मंगळवार, आणि तेव्हा नेमका शेजाऱ्यांचा उपास. 2025 ची धुळवड तर 14 मार्चला, शुक्रवारी आली. विदर्भात धुळवड म्हणजे रंग दुपारपर्यंत आणि पुढे मटण. त्या दिवशी पाटवडी-रस्सा खाऊन सण साजरा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात बसत नाहीत.

ऑफिसच्या शुक्रवारच्या पार्टीत दयाळू मित्र तोड काढतो, ‘पीस नको घेऊ ना बे, नुसता रस्सा घे.’ हसू नका, या रस्स्याला मोठा इतिहास आहे. चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेत मांस आणि मांसाचा रस्सा दोन्ही स्पष्ट शब्दांत वर्ज्य होते. पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये नियम नव्याने घातले, त्यात मांस वर्ज्य राहिलं, अंडी, दूधदुभतं आणि प्राण्यांच्या चरबीचा तडका चालेल म्हटलं, आणि रस्सा हा शब्दच गळाला. अक्षराला धरून बसणारा वकील सावजीच्या भोजनालयात बसून या मुद्द्यावर तीन वाट्या तर्री ओरपू शकेल. पण सावजी रस्सा हा मटणाचा खिमा-हाडं-मसाला एकत्र आटवून झालेला काढा आहे. तो पिऊन मी मांस खाल्लं नाही असं म्हणायला जी छाती लागते, ती माझ्यापाशी नाही. अंडाकरी घ्यावी. तिला 1917 मध्येसुद्धा कोणी हटकलं नव्हतं.

मासे चालतात. वसईवाल्यांना त्यात प्रायश्चित्त कसलं, ते त्यांनाच ठाऊक. नागपूरला समुद्र कोणत्याही बाजूने लांबच. इथे शुक्रवारी रोहू-कतला काट्यांसकट, नाहीतर मरळ. मरळ कोंबडीपेक्षा महाग, त्यामुळे त्याग होतो, पण पाकिटाचा. सीरो-मलबार पंथाचे मल्याळी शेजारी मात्र बुधवारचीही वाट पाहत नाहीत, सोमवारीच सुरू करतात, आणि त्यांच्यातल्या जुन्या वळणाच्या घरांत मांस, मासे, अंडी सगळंच पन्नास दिवस बंद. त्यांच्यासमोर शुक्रवारच्या मांसाबद्दल कुरकुर करू नये.

एक वाट मात्र कायद्याने उघडी आहे. शुक्रवारी महासण, म्हणजे चर्चचा सर्वांत वरच्या दर्जाचा सण, आला तर मांसवर्ज्य लागू नाही. संत योसेफाचा सण असाच महासण, तो 19 मार्चला असतो, आणि 2027 मध्ये 19 मार्च शुक्रवारी आहे. मी कोणाला काही सुचवत नाही, तारीख सांगतो.

शिवाय प्रत्येकाने स्वतःहून काहीतरी सोडायचं असतं. चहा सोडणारे बहुतेक तयारीविना सोडतात आणि बुधवारी दुपारी डोकं धरून बसतात. ते दुःखसहन नाही, कॅफिन उतरतंय. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस वाईट. म्हणून आदल्या आठवड्यापासूनच चारचे तीन, तीनचे दोन करत यावं. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडणाऱ्याचे पहिले तीन-चार दिवस घरच्यांचं प्रायश्चित्त असतं. खिशात बडीशेप ठेवावी, आणि पानठेल्यावरून जाणारा रस्ता बदलावा, कारण ठेलेवाला लांबून ओळखून घोटायला सुरुवात करतो.

गुड फ्रायडेला प्रोटेस्टंट चर्चमध्ये बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. एकशेऐंशी मिनिटं भागिले सात, गीतासकट प्रत्येकी पंचवीस. पण पहिला वक्ता ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ यावर चाळीस मिनिटं घेतो, म्हणून सातव्याला आत्मा सोपवायला पंधराच उरतात. सगळे वेळेवर चालले तर पाचवा उद्गार पावणेदोनच्या सुमारास येतो: ‘मला तहान लागली आहे.’ एप्रिलचा नागपुरी सूर्य डोक्यावर, पंखे गरम हवा ढवळताहेत, सकाळपासून पोटात अर्धी प्लेट पोहे. त्या क्षणी प्रवचनाची गरज नसते. पाणी पिण्याने उपवास मोडत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण बाटली उघडायची पहिली हिंमत कोणी करत नाही.

मग ईस्टर. वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, त्यामुळे कधी होळीच्या पौर्णिमेमागून येतो, कधी हनुमान जयंतीच्या. पहाटेची उपासना आटोपून सातच्या आत मटणाच्या रांगेत उभं राहावं, नऊनंतर मांडी मिळत नाही. दीड किलोत घर भागतं, पाव किलो शेजारच्या डब्यासाठी धरावं, सहा आठवडे साबुदाणा आणि काळजी पुरवल्याबद्दल. मात्र पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांत संकष्टी येते, आणि ईस्टरही कधीकधी याच दिवसांत पडतो. दोन्ही एकाच रविवारी आले की काकू दारातच हात जोडतात. ‘आज संकष्टी आहे न जी.’

उद्या देऊ?

‘उद्या सोमवार.’

डबा फ्रिजरमध्ये ठेवायचा आणि झाकणावर खडूने लिहायचं: बुधवार.